घर भाड्यानं देताय? आधी लाइट बिलातला कर वाचा

सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या घराला पाच मीटर आहेत. रस्त्याकडेच्या गाळ्याला एक, आतल्या दोन खोल्यांना एक, वरच्या दोन बिऱ्हाडांना दोन आणि मागच्या पत्र्याच्या शेडला एक. त्या शेडमध्ये वडिलांचे चार माग होते. ते गेले, माग विकले, आणि शेडसकट सगळ्या घराचं भाडं, बिलं, डागडुजी माझ्याकडे आली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी २६ वर्षं हिशेबनीस होते. कारखान्याचं लाइट बिल दर महिन्याला माझ्याच हातून जायचं, त्यामुळे घरची बिलं मला काय अवघड, असं मी धरून चालले होते.

आतल्या दोन खोल्या एका तरुणाला राहायला दिल्या होत्या. तीन महिन्यांनी त्यानं पुढच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन आणलं, मग दोन कॉम्प्युटर, उन्हाळ्यात एसी. मला सगळं दिसत होतं. पोरगं धडपडतंय, म्हणून कौतुकच वाटायचं. बिलही तो वेळेवर भरायचा. मीटर अजून वडिलांच्या नावावर आणि घरगुती होतं. एके दिवशी तपासणीचं पथक आलं, फोटो काढले, पंचनामा केला. घरगुती मीटरवर व्यापारी वापर. ३७,००० रुपयांची आकारणी आली. माझ्याकडे त्याची अनामत होती १५,०००, आणि पंधरवड्यात तो सामान उचलून पुण्याला गेला. पथकाचं काही चुकलं नव्हतं. कायदा तसाच आहे, आणि तो मी वाचला नव्हता.

तेव्हापासून गल्लीत कुणी खोली किंवा गाळा भाड्यानं द्यायला निघालं की आधी माझ्याकडे बिल घेऊन येतं. “अक्का, जरा बघा की हे,” म्हणतात. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते. घरमालकानं दोन गोष्टी धरून चालायचं: विजेवरचा कर जागेच्या वापराप्रमाणे लागतो, आणि वसुली मीटर ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून होते. बाकीचं सगळं या दोनमधूनच निघतं.

बिल उलगडा

महावितरणच्या बिलावर एकाखाली एक ओळी असतात. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. या चार ओळी म्हणजे विजेची किंमत. त्यांच्या खाली वीज शुल्क, आणि त्याखाली वीज विक्री कर. या शेवटच्या दोन ओळी सरकारच्या. कंपनी त्या गोळा करते आणि राज्य सरकारकडे भरते.

वीज शुल्क घेतलं जातं ते महाराष्ट्र विद्युत शुल्क अधिनियम, २०१६ प्रमाणे. त्याआधी १९५८ चा मुंबईचा कायदा होता. घरगुती वापराला १६ टक्के, व्यापारी वापराला २१ टक्के. आमच्या शेडच्या बिलावर उद्योगाचं म्हणून ७.५ टक्के यायचं. हे टक्के फक्त युनिटच्या पैशावर नसतात. स्थिर आकारासकट वरच्या चारही ओळींच्या बेरजेवर लागतात. म्हणून घर वर्षभर कुलूपबंद असलं, एकही युनिट जळलं नाही, तरी स्थिर आकार येतो आणि त्याच्यावर शुल्कही येतं. जुळे सोलापुरात फ्लॅट घेऊन कुलूप लावून ठेवणाऱ्यांना दर महिन्याचं हे बिल कसलं ते कळत नाही. ते हे.

वीज विक्री कर वेगळ्या, १९६३ च्या कायद्याचा. तो टक्क्यांत नसून युनिटमागे काही पैसे असा असतो, आणि तो व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना लागतो. घरगुती बिलावर ती ओळ शून्य असते.

बरेच जण विचारतात, यात जीएसटी कुठं आहे? विजेवर जीएसटी नाही. विजेच्या वापरावर आणि विक्रीवर कर बसवायचा अधिकार घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्याच्या यादीत आहे, ५३ व्या नोंदीत. २०१७ ला जीएसटी आला तेव्हाही वीजपुरवठा त्यातून माफ ठेवला. मात्र भाड्यात वीज मिसळली की जीएसटी मागच्या दारानं येऊ शकतो. ते पुढं सांगते.

वापर बदलला की कर बदलतो

समजा, वरच्या चार ओळींची बेरीज २,००० रुपये आहे. घरगुती असेल तर शुल्क ३२०. व्यापारी असेल तर ४२०, शिवाय विक्री कर. पण खरा फरक या शंभर रुपयांत नाही. व्यापारी जोडणीचा स्थिर आकार आणि युनिटचा दरही वेगळा असतो, म्हणजे ती २,००० ची बेरीज मुळातच बदलते आणि तिच्यावर कर चढतो. आणि वापर बदलून मीटर तसंच ठेवलं तर वीज कायदा, २००३ चं कलम १२६ लागतं. मंजूर केलेल्या कारणापेक्षा वेगळ्या कारणासाठी वीज वापरली तर लागू दराच्या दुप्पट आकारणी. तसा वापर कधीपासून चालू होता ते ठरवता आलं तर तेवढ्या काळाची, नाही ठरलं तर तपासणीच्या आधीच्या बारा महिन्यांची. मला ३७,००० आले ते असे.

याच कलमात आणखी एक गोष्ट बसते, जी पेठेत सर्रास चालते. वरच्या घराच्या मीटरवरून खालच्या गाळ्याला वायर ओढणं. ‘एवढे दोन दिवे आणि पंखाच तर आहे’ म्हणून ओढतात. ज्या जागेसाठी वीज मंजूर आहे ती सोडून दुसऱ्या जागेला ती देणंही अनधिकृत वापरच. गाळ्याला स्वतःचं व्यापारी मीटर घ्या. पैसे जास्त जातील, पण झोप लागेल.

आता बायकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. सोलापुरात घरात बसून विड्या वळणाऱ्या, पिको-फॉल करणाऱ्या, शेंगाचटणी कुटून पुड्या विकणाऱ्या हजारो बाया आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी भाड्याच्या खोलीत राहतात, आणि ‘धंदा दिसला तर दंड होईल’ या भीतीनं घरमालक त्यांना खोलीच देत नाहीत. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दर-आदेशात अशा छोट्या कामांना जागा ठेवलेली आहे. राहत्या घराच्या एका भागात धंदा असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटच्या आत असेल आणि मागच्या आर्थिक वर्षाचा एकूण वापर ३,६०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. त्यामुळे शुल्कही १६ टक्केच. राहत्या घरातून वकिली, डॉक्टरकी किंवा सीएचं काम करणाऱ्यांनाही घरगुतीच, फक्त नर्सिंग होम किंवा दवाखान्याचा वॉर्ड त्यात येत नाही. स्वतःच्या दळणापुरत्या घरघंटीलाही हरकत नाही. माझ्या झेरॉक्सवाल्यानं एसी लावला नसता आणि युनिट आटोक्यात ठेवले असते, तर कदाचित त्याचंही निभावलं असतं. म्हणून शिलाई मशीन बघून घाबरू नका आणि गरजू बाईला परत पाठवू नका. मागच्या बिलावरच्या युनिटांचा तक्ता बघा आणि बेरीज करा.

शेडचं उलटं असतं. आमच्या भागात कितीतरी यंत्रमागांच्या शेड आता गोडाऊन झाल्या आहेत. यंत्रमागाची वीज ही वेगळी वर्गवारी आहे, तिचा दर वेगळा, शुल्क उद्योगाचं. त्या शेडमध्ये कुणी साड्यांचे गठ्ठे ठेवायला लागलं की ती जागा व्यापारी. माग उचलले त्या महिन्यातच वर्गवारी बदलण्याचा अर्ज द्या. मी दिला, त्याची पोच आजही फाइलमध्ये आहे.

मीटर कुणाच्या नावावर

मला विचाराल तर भाडेकरूनं स्वतःच्या नावानं जोडणी घ्यावी, हे सगळ्यांत चांगलं, विशेषतः गाळ्याला. बऱ्याच मालकांना वाटतं की भाडेकरूच्या नावावर मीटर गेलं की जागा गेली. तसं नाही. लाइट बिल हा जागेच्या मालकीचा पुरावा नव्हे. आणि वीज कायद्याच्या कलम ४३ मध्येच लिहिलंय की जागेचा मालक किंवा तिथं राहणारा, दोघांपैकी कुणीही अर्ज केला तरी वीज द्यायची. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की वीज ही मूलभूत सोय आहे आणि घरमालक ना-हरकत पत्र देत नाही एवढ्यावरून भाडेकरूला ती नाकारता येत नाही.

मीटर तुमच्याच नावावर ठेवायचं असेल तर त्याची किंमत समजून घ्या. भाडेकरूनं बिल थकवलं तर १५ दिवसांच्या नोटिशीनंतर पुरवठा तुटतो आणि थकबाकी तुमच्या नावानं उभी राहते. वीज कंपनीकडे ठेवलेली सुरक्षा ठेव तुमची अडकते. वापर वाढला की उन्हाळ्यात अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, तेही तुमच्याच नावानं. ते बिल बघून भाडेकरू आणि मालकाची जुंपते. सांगून ठेवते, ती ठेव आहे, कर नाही. तिच्यावर शुल्क नसतं, तिच्यावर व्याज मिळतं, आणि ती मीटर ज्याच्या नावावर त्याचीच राहते. ती भाडेकरूकडून वसूल करू नका. केलीत तर जाताना व्याजासकट परत करायची तयारी ठेवा.

मीटर मेलेल्या माणसाच्या नावावर ठेवू नका. माझी दुसरी चूक तीच होती. वारस म्हणून थकबाकी पूर्ण अंगावर येते. जागा विकत घेणाऱ्याला आयोगाच्या नियमांत थोडा आधार आहे: आधीच्या मालकाची किंवा राहणाऱ्याची थकबाकी जागेवर चढते, पण नव्या माणसाकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच वसूल करता येते. वारसाला ही मर्यादा नाही. जुना गाळा विकत घेताना नुसता सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा बघून भागत नाही. आधीचं मीटर कायमचं तोडलेलं आहे का, त्यावर किती बाकी आहे, हे ग्राहक क्रमांक देऊन वीज कार्यालयात विचारा आणि मगच बयाणा द्या.

एका मीटरवर दोन बिऱ्हाडं

सगळ्यात जास्त भांडणं इथं होतात. एकाच घरातल्या एका खोलीत भाडेकरू, मीटर एकच, आणि मालक म्हणतो, “युनिटला दहा रुपये द्या.” दहा कुठून आले हे त्याला सांगता येत नाही. विजेवर नफा कमवायचा अधिकार घरमालकाला नाही. परवान्याशिवाय वीज विकता येत नाही, तेही वीज कायद्यातच आहे. जेवढं बिल आलं तेवढंच वाटून घ्यायचं, आणि त्यातला करही त्याच प्रमाणात वाटायचा.

मी सबमीटर, म्हणजे भाडेकरूचा वापर वेगळा मोजणारं छोटं मीटर, लावून असा हिशोब करते. आकडे समजायला सोपे धरले आहेत. बिलावर २८० युनिट. त्यातले सबमीटरवर भाडेकरूचे १२०, म्हणजे माझे १६०. वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन मिळून २,२४० रुपये. त्याला २८० नं भागलं की युनिटमागे ८ रुपये. त्यावर १६ टक्के शुल्क धरलं की ९ रुपये २८ पैसे. भाडेकरूचे १२० युनिट गुणिले ९.२८ म्हणजे १,११३ रुपये ६० पैसे. स्थिर आकार १३० रुपये, शुल्कासह १५० रुपये ८० पैसे, तो निम्मा-निम्मा, ७५ रुपये ४० पैसे. भाडेकरूनं द्यायचे १,१८९ रुपये. माझे १,५६० रुपये २० पैसे. बेरीज २,७४९ रुपये २० पैसे, आणि बिलही तेवढंच. बेरीज बिलाशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर कुणाचं तरी चुकतंय.

मागची थकबाकी, व्याज, उशिराचा आकार हे या भागाकारात घालायचं नाही. ज्यानं उशीर केला त्यानं भरायचं. मुदतीनंतर भरलं की सव्वा टक्का विलंब आकार लागतो, आणि तो शुल्कासकटच्या रकमेवर असतो. उलट, बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट मिळते, ऑनलाइन भरलं तर आणखी पाव टक्का, पण या सुटी मोजताना कर आणि शुल्क वगळतात. रक्कम लहान असते. तरी सूट भरणाऱ्याला द्या. माझ्या वरच्या बिऱ्हाडाशी सात वर्षांत एकदाही लाइट बिलावरून शब्द झाला नाही, तो या दोन-चार रुपयांच्या चोख हिशोबामुळे.

पण सबमीटरपेक्षा वेगळं मीटर बरं, आणि त्याचं कारण टप्पे. घरगुती दर १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, पुढं ३०१ ते ५०० आणि त्यावर आणखी. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्याही वर जातो. एका मीटरवर दोन संसार जळले की स्वस्तातले १०० युनिट दोघांत मिळून एकदाच मिळतात. उरलेले सगळे महागड्या टप्प्यात, आणि त्या महाग रकमेवर १६ टक्के. वेगळं मीटर घेतलं की प्रत्येकाला आपले १०० युनिट. दुसरा स्थिर आकार येतो खरा, पण वरच्या हिशोबातल्या घरासारखं घर असेल तर तो महिन्याभरातच भरून निघतो. सोलापूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे. मार्चपासून कूलर रात्रंदिवस चालतो, पारा ४२ च्या पुढं जातो, आणि एप्रिल-मेचं सामाईक बिल पाहून दोन्ही बिऱ्हाडं एकमेकांकडे संशयानं बघायला लागतात. स्वतंत्र चूल, स्वतंत्र दार आणि भाडेकरार असेल तर वेगळ्या मीटरसाठी अर्ज करा.

जिन्यातला दिवा आणि पाण्याची मोटर यांचं मीटर वेगळं असेल तर ते घरगुतीच ठेवता येतं, इमारत राहण्याची असेल तोवर. ते बिल देखभालीत धरा.

भाड्यात वीज धरू नका

‘सगळं मिळून पंधरा हजार’ असं बोलायला सोपं जातं. पण त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली आयकराची. घरभाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा मालमत्ता कर वजा मिळतो, कारण तो स्थानिक संस्थेचा कर. वीज शुल्क राज्याचं, ते या वजावटीत बसत नाही. पुढं सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तिच्यात डागडुजी, वसुलीचा खर्च सगळं आलं. तुम्ही भरलेलं लाइट बिल वेगळं दाखवून कमी करता येत नाही. म्हणजे भाड्यात वीज धरली तर जे पैसे तुमच्या हातात राहतच नाहीत त्यांच्यावरही कर द्यायची पाळी येऊ शकते, आणि मग सल्लागाराकडे वाद घालत बसायचं. भाडं वेगळं, बिल वेगळं, दोन्ही वेगवेगळ्या नोंदींत घ्या.

आणखी एक गोष्ट मी स्वतः उशिरा शिकले. एका वर्षात विजेवर एकूण एक लाखाहून जास्त खर्च केला तर उत्पन्न करपात्र नसलं तरी आयकर विवरणपत्र भरावं लागतं. पाच मीटर एकाच्या नावावर, सगळ्यांचं बिल तोच भरतो आणि नंतर भाडेकरूंकडून गोळा करतो, असं असेल तर लाखाचा आकडा कधी ओलांडला ते कळतही नाही. भाडेकरूला थेट त्याच्या फोनवरून बिल भरायला सांगा. ग्राहक क्रमांक दिला की झालं.

दुसरी अडचण जीएसटीची, ती गाळेवाल्यांसाठी. राहण्यासाठी दिलेल्या घराला सहसा हा प्रश्न येत नाही. दुकानाच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. मालकाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीच लागत नाही. पण १० ऑक्टोबर २०२४ पासून मालक नोंदणीकृत नसला आणि दुकानदार नोंदणीकृत असला तर तो कर दुकानदारानं भरायचा असतो. कंपोझिशनवाल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के सोपा जीएसटी भरणाऱ्या दुकानदाराला यातून वगळलं आहे. आता वीज. ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकात केंद्रानं स्पष्ट केलं की भाड्याबरोबर वीज एकत्र दिली तर वेगळी आकारली तरी तिच्यावर भाड्याच्याच दरानं कर लागतो. मात्र वीज कंपनीनं जेवढं बिल लावलं तेवढंच मालकानं पुढं घेतलं, तर तो नुसता मध्यस्थ, आणि ती रक्कम कराच्या बाहेर. म्हणून गाळ्याच्या बिलावर एक रुपयाही वर चढवू नका, आणि मूळ बिलाची प्रत भाडेकरूला द्या. त्यालाही धंद्याचा खर्च दाखवायला ती लागते, विशेषतः बिल तुमच्या नावावर असेल तेव्हा.

करारात काय लिहायचं

वकिलाच्या छापील मसुद्यात ‘वीजबिल भाडेकरू भरेल’ एवढीच ओळ असते. ती पुरत नाही. मी माझ्या करारांत हे घालते, हवं तर उतरवून घ्या:

“सदर जागा केवळ राहण्यासाठी दिली असून वापरात बदल करण्यापूर्वी भाडेकरूने घरमालकाची लेखी संमती घ्यावी. सदर जागेच्या मीटरचे चालू वीजबिल, म्हणजे स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क आणि लागू असल्यास वीज विक्री कर, भाडेकरू मुदतीत भरेल. भाडेकरूच्या वापरामुळे वर्गवारी बदलल्यास वाढीव दर व कर, तसेच अनधिकृत वापराची आकारणी झाल्यास ती रक्कम, भाडेकरूवर बंधनकारक राहील. सुरक्षा ठेव घरमालकाची राहील. ताबा देताना मीटरचे वाचन ____ युनिट.”

कराराची नोंदणी करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. झेरॉक्सवाल्याशी माझा करार शंभराच्या स्टँपवर, नोंदणीशिवाय होता. पथकाची आकारणी त्याच्याकडून वसूल करायला तो कागद कामाला आला नाही.

आणि भांडण कितीही वाढलं तरी भाडेकरूची लाइट तोडू नका. फ्यूज काढून खिशात घालणारे मालक मी पाहिले आहेत. भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २९ प्रमाणे वीज-पाण्यासारखी अत्यावश्यक सोय मालकाला बंद करता येत नाही, आणि केली तर तुरुंगवासही होऊ शकतो. घरात लेकरं असतात, म्हातारी माणसं असतात. थकबाकीसाठी नोटीस द्या, अनामतीतून वळती करा, कोर्टात जा. अंधार करू नका.

आकारणी आलीच तर

हातपाय गाळू नका आणि घाईनं सहीही करू नका. कलम १२६ ची पहिली आकारणी तात्पुरती असते. तिच्यावर लेखी हरकत घेता येते आणि सुनावणी मागता येते. वापर कधी सुरू झाला याचा पुरावा द्या: भाडेकराराची तारीख, मशीनची पावती, बिलावर युनिट एकदम वाढलेला महिना. मी मशीनच्या पावतीची प्रत मिळवून दिली, आणि बारा महिन्यांऐवजी आकारणी नऊ महिन्यांची झाली. नुसतं ‘आमची चूक नाही’ म्हटल्यानं कुणाचंच काही कमी होत नाही. अंतिम आदेशावर ३० दिवसांत अपील करता येतं, पण त्याआधी निम्मी रक्कम भरावी लागते.

साधी बिलाची तक्रार असेल, म्हणजे वर्गवारी चुकीची, घरगुतीला २१ टक्के लावलेत, वाचन चुकलंय, तर आधी कंपनीकडे, मग ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालांकडे जाता येतं. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. दोन वर्षांपेक्षा जुनी बाकी अचानक दाखवली, आणि मधल्या बिलांवर ती सलग दिसत नसेल, तर कलम ५६ मधल्या पोटकलम दोनकडे बोट दाखवा. ती वसूल करायला ते आड येऊ शकतं.

किल्ली देताना आणि घेताना

किल्ली द्यायच्या दिवशी मी भाडेकरूला मीटरपाशी उभं करते. वाचनाचा फोटो त्याच्या फोनवर, तोच माझ्या फोनवर. शेवटच्या तीन बिलांच्या प्रती त्याला देते, म्हणजे बिल किती येतं आणि त्यात कर किती, ते त्याला आधीच कळतं. आतल्या दोन खोल्यांत आता शिलाईकाम करणारी एक बाई आणि तिच्या दोन मुली राहतात. दर दोन महिन्यांनी मी तिच्या बिलावरचे युनिट बघते. वर्षाला ३,६०० च्या खूप आत आहेत.

कुणी जागा सोडतं तेव्हा शेवटचं बिल आलेलं नसतं, इथंच बहुतेक मालक फसतात. त्या दिवशी पुन्हा फोटो. मागच्या वाचनापासून किती युनिट जळले ते मोजते, मागच्या बिलाच्या दरानं शुल्कासह रक्कम काढते आणि तेवढीच अनामतीतून राखून ठेवते. बाकीची अनामत तिथंच हातावर. बिल आलं की खरा हिशोब मांडून फोटो पाठवते, आणि जास्त राखलेले पैसे त्याच दिवशी परत करते.